औषधाची परीक्षा

सकाळच्या वेळी कल्याण, डोंबिवली, मुंब्रा किंवा ठाणे या स्थानकांवरून मुंबईकडे जाणाऱ्या धीम्या लोकलमध्ये नोकरीवर निघालेल्या माणसांबरोबर आणखी काही प्रवासी दिसतात. त्यांच्या हातात जाड फाइल आणि एक्स-रेची मोठी पिशवी असते. सोबत मुलगा, सून किंवा नातू असतो. हे लोक परळला उतरतात. तेथे टाटा स्मारक रुग्णालय आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे कर्करोगाचे रुग्णालय आपल्या जिल्ह्यातील घराघरांत नुसते 'टाटा' म्हणून ओळखले जाते.

अशा मोठ्या रुग्णालयांत रुग्णाला कधी कधी विचारले जाते, "चाचा, एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे. तुम्ही तिच्यात भाग घ्याल का?" हे ऐकून घरचे लोक गोंधळतात. एखादा मुलगा म्हणतो, "आमच्या अब्बांवर प्रयोग करणार की काय?" दुसरा म्हणतो, "नवीन औषध आहे, म्हणजे चांगलेच असणार. लगेच हो म्हणा." पहिल्याची भीती आणि दुसऱ्याचा भरवसा, दोन्ही अपुऱ्या माहितीतून आलेले असतात. विद्यार्थी मित्रांनो, औषधाचीही परीक्षा असते. ती कशी घेतात, ते या पाठात पाहू. उदाहरणासाठी पुरुषांना उतारवयात होणारा एक कर्करोग घेऊ.

पुरुषाच्या शरीरात मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला मराठीत पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. डॉक्टर आणि रुग्ण मात्र प्रोस्टेट हाच शब्द वापरतात, म्हणून आपणही तोच वापरू. या ग्रंथीत झालेला कर्करोग तेवढ्याच जागी असेल तर शस्त्रक्रियेने किंवा किरणांच्या उपचाराने पुष्कळदा बरा होतो. तो हाडांपर्यंत किंवा इतर अवयवांपर्यंत पोहोचला की रोग प्रगत अवस्थेत गेला असे म्हणतात. तेव्हा तो समूळ काढता येत नाही. रुग्णाचे आयुष्य किती वाढवता येईल आणि वेदना किती कमी करता येतील, एवढाच प्रश्न उरतो.

टाटा रुग्णालय उघडले त्याच वर्षी, म्हणजे १९४१ मध्ये, अमेरिकेतील शिकागो येथे चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदाने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. प्रोस्टेटचा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर वाढतो. या संप्रेरकाचा पुरवठा बंद केला की पसरलेला रोगही ओसरू लागतो. हाडांच्या दुखण्याने तळमळणाऱ्या रुग्णांना यामुळे आराम पडला. या शोधाबद्दल हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजही या रोगाच्या प्रगत अवस्थेत उपचाराची सुरुवात याच मार्गाने होते.

परंतु काही काळाने रोग पुन्हा डोके वर काढतो. मुख्य नळ बंद केला तरी घरात कोठून तरी पाणी झिरपत राहावे, तसे येथे होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी थोडे संप्रेरक बनवतात आणि कर्करोगाची गाठ स्वतःही ते बनवू लागते. हे झिरपणेही थांबवावे म्हणून लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ॲबिरॅटेरॉन नावाचे रसायन तयार केले. ज्या विकराच्या मदतीने हे संप्रेरक शरीरात बनते, त्या विकराचे काम ते अडवते.

येथपर्यंत हा केवळ तर्क होता. तर्क उत्तम असूनही परीक्षेत नापास झालेली औषधे थोडीथोडकी नाहीत. म्हणून नवे औषध प्रथम प्राण्यांवर तपासतात. मग थोड्या माणसांना देऊन किती मात्रा सोसवते ते बघतात, त्यानंतर आणखी काही रुग्णांवर त्याचा गुण दिसतो का ते पाहतात. खरी कसोटी लागते ती तिसऱ्या टप्प्यात.

समजा, एका आजोबांना नवी गोळी दिली आणि ते पुढे १४ महिने जगले. घरचे म्हणतील, गोळीने १४ महिने दिले. पण गोळी घेतली नसती तर ते किती जगले असते? हे सांगणार कोण? एकच माणूस गोळी घेऊन आणि न घेऊन असा दोनदा जगू शकत नाही. म्हणून एकाऐवजी माणसांचे दोन गट करावे लागतात. एका गटाला नवे औषध आणि दुसऱ्याला त्याशिवाय बाकी सर्व उपचार देतात.

आता कोणी कोणत्या गटात जावे हे डॉक्टरांवर सोपवले तर? डॉक्टरही माणूसच आहे. जो रुग्ण जरा धडधाकट दिसतो त्यालाच तो नवे औषध देईल, आणि मग औषध चांगले की रुग्णच मुळात बळकट, हे कळणार नाही. म्हणून चिठ्ठी टाकतात. उर्दूत आपण याला कुरआ काढणे म्हणतो. आजकाल ही चिठ्ठी संगणक काढतो, एवढाच फरक. दुसरीही एक अडचण असते. नवे औषध मिळाले या आनंदानेच माणसाला चार दिवस बरे वाटते. म्हणून दुसऱ्या गटाला दिसायला हुबेहूब तशीच, परंतु आत औषध नसलेली गोळी देतात. अशा गोळीला प्लासीबो म्हणतात. कोणाला कोणती गोळी मिळाली हे रुग्णाला कळत नाही आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळत नाही. उत्तरपत्रिकेवर नाव न लिहिता फक्त बैठक क्रमांक का लिहितात, हे तुम्हांला माहीत आहे. येथेही हेतू तोच असतो.

ॲबिरॅटेरॉनची अशी परीक्षा २००८ मध्ये सुरू झाली. १३ देशांतील १,१९५ रुग्णांनी तिच्यात भाग घेतला. या सर्वांचा रोग प्रगत होता आणि रसायनोपचार, म्हणजे लोक ज्याला 'केमो' म्हणतात तो, घेऊन झालेला होता. चिठ्ठीने ७९७ जणांना ॲबिरॅटेरॉन आणि ३९८ जणांना प्लासीबो मिळाले. प्रेडनिसोन नावाचे जुने औषध मात्र दोन्ही गटांना दिले होते. पहिला हिशेब झाला तेव्हा असे दिसले की प्लासीबो गटातील निम्मे रुग्ण १०.९ महिन्यांच्या आत वारले होते, तर औषधाच्या गटात ही वेळ १४.८ महिन्यांवर गेली होती. चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१० मध्ये सांगितले की आता गुपित उघडा आणि प्लासीबो घेणाऱ्यांनाही खरे औषध देऊ करा. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेने या औषधाला परवानगी दिली.

जवळजवळ चार महिने! कोणाला हे फार थोडे वाटेल. पण चार महिन्यांत मुलीचा निकाह होतो, नातवाचा दहावीचा निकाल लागतो. ज्याच्यापाशी मोजकेच दिवस आहेत तो ते चार महिने हातचे सोडणार नाही.

मग त्या ३९८ जणांवर अन्याय झाला का? हा प्रश्न वर्गात मुले हमखास विचारतात आणि तो विचारण्यासारखाच आहे. माझे मत असे की, ज्या दिवशी चिठ्ठी निघाली त्या दिवशी औषध चांगले की वाईट हे कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर चिठ्ठी टाकणे हा गुन्हाच ठरला असता. औषध घेणाऱ्यांचे नुकसानही होऊ शकले असते.

तसे झालेले उदाहरण याच रोगाचे आहे. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व घेतल्याने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो, असे एकेकाळी पुष्कळांना वाटत होते. जीवनसत्त्वाने कोणाचे काय वाईट होणार? २००१ मध्ये याची मोठी चाचणी सुरू झाली. तिच्यात ३५,५३३ निरोगी पुरुष होते. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. पुढे २०११ मध्ये हिशेब आला, तो असा की नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत या कर्करोगाचे प्रमाण प्लासीबो घेणाऱ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त होते. येथे ज्यांना रिकामी गोळी मिळाली तेच भाग्यवान ठरले. दुकानात जाऊन स्वतःच्या मनाने 'ताकदीच्या गोळ्या' आणणाऱ्यांना ही हकिकत जरूर सांगा.

औषध तपासून घ्यावे हा विचार तसा फार जुना आहे. तुम्ही ज्यांना बू अली सीना म्हणून ओळखता, त्या इब्न सीना यांनी सुमारे १०२५ मध्ये पूर्ण केलेल्या 'अल-कानून' या वैद्यकाच्या ग्रंथात औषध पारखण्याचे नियम दिले आहेत. औषधाचा गुण एकदाच दिसून उपयोग नाही, तो पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे, असा एक नियम आहे. दुसरा नियम सांगतो की परीक्षा माणसाच्या शरीरावरच झाली पाहिजे, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे दिसते ते माणसाला लागू पडेलच असे नाही. हजार वर्षांपूर्वीची ही दृष्टी पाहून आश्चर्य वाटते. मात्र दोन गट करून चिठ्ठी टाकण्याची पद्धत त्या काळी नव्हती. ती विसाव्या शतकात रूढ झाली.

माणसावर परीक्षा घ्यायची, तर त्या माणसाला विचारायचे की नाही? परळमध्येच याची एक जुनी आठवण आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जवळपास निम्म्यांना लस टोचली, बाकीच्यांना टोचली नाही. लस घेतलेल्यांत प्लेग बराच कमी झाला. पुढे १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी बंगल्यात आली. आज तिलाच हाफकिन संस्था म्हणतात. हाफकिन यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. कैदी आपणहून पुढे आले होते, अशीही नोंद आहे. परंतु ज्याच्या खोलीला बाहेरून कुलूप आहे, त्याच्या 'हो'ला किती मोकळा 'हो' म्हणावे, हा प्रश्न मनात राहतोच.

आज हे कायद्याने बांधलेले आहे. भारतात २०१९ मध्ये नवी औषधे व चाचण्या यांविषयीचे नियम लागू झाले. त्यांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला सरकारी परवानगी लागते. शिवाय एका नैतिक समितीचीही मान्यता लागते. या समितीत किमान ७ सदस्य असतात. केवळ डॉक्टर असून चालत नाही. एक कायदा जाणणारा, एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री सदस्य असावी लागते. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. चाचणीमुळे रुग्णाला इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई यांचीही तरतूद आहे. चाचणी सुरू करण्याआधी तिची नोंद एका सार्वजनिक नोंदवहीत करावी लागते. २००७ पासून ही नोंदवही संगणकावर कोणालाही वाचता येते. पूर्वी नको असलेला निकाल गुपचूप दडपून टाकणे सोपे होते. आता चाचणी झाली होती एवढे तरी जगाला कळते.

या सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे संमतीपत्र. संमती म्हणजे रजामंदी. चाचणी कशासाठी आहे, काय दिले जाईल, काय त्रास होऊ शकतो, हे सर्व रुग्णाला समजणाऱ्या सोप्या भाषेत लिहिलेले असावे लागते. रुग्णाला वाचता येत नसेल तर एका त्रयस्थ साक्षीदारासमोर ते वाचून दाखवावे लागते. रुग्ण नाही म्हणू शकतो. हो म्हटल्यावरही मध्येच बाहेर पडू शकतो. त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार कोणी बंद करू शकत नाही.

मुलांनो, येथे तुमचा संबंध येतो. मुंब्रा, भिवंडी, कल्याण येथील पुष्कळ घरांत दादा-नाना यांना उर्दू वाचता येते, मराठी वाचता येत नाही. इंग्रजी तर नाहीच. घरात तिन्ही लिपी वाचणारा माणूस बहुधा तुम्हीच असता. कागद हातात आला की "येथे सही करा" एवढेच ऐकू नका. आजोबांच्या भाषेतील प्रत मागा. ती घरी नेऊन मोठ्याने वाचा. न समजलेल्या ओळीखाली रेघ ओढा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारा. "मला नवे औषध मिळाले नाही तर काय मिळेल?" हा प्रश्न तर विचाराच.

आता मात्रेविषयी, म्हणजे औषध किती घ्यायचे याविषयी. ॲबिरॅटेरॉनच्या २५० मिलिग्रॅमच्या ४ गोळ्या दिवसातून एकदा अनशापोटी घ्याव्यात, असे ठरले होते. उर्दूतील 'नहार मुँह' तेच मराठीतील 'अनशापोटी'. गंमत अशी की अन्नाबरोबर घेतल्यास हे औषध रक्तात कितीतरी जास्त उतरते. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्यांचा मोठा भाग वायाच जातो. मग काही डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला: नाश्त्याबरोबर एकच गोळी घेतली तर? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७२ रुग्ण होते. काहींना अनशापोटी ४ गोळ्या आणि काहींना हलक्या नाश्त्याबरोबर १ गोळी दिली. १२ आठवड्यांनी रक्ततपासणीत एका गोळीचा परिणाम चार गोळ्यांपेक्षा कमी पडला नव्हता. महागड्या औषधाचा खर्च एक चतुर्थांश! मात्र ही चाचणी लहान होती आणि तिने रक्तातील एक खूण मोजली, आयुष्य मोजले नाही. म्हणून डॉक्टरांना न विचारता कोणीही आपली मात्रा बदलू नये. ज्याला खुराकाचे गणित माहीत नाही त्याने जेवणानंतर चारही गोळ्या घेतल्या तर औषध फाजील चढेल.

असाच प्रश्न आपल्या परळला टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी विचारला. त्यांच्यापुढे रोग वेगळा होता. तोंड, घसा आणि मान यांचा कर्करोग आपल्याकडे फार आढळतो आणि त्याचे मोठे कारण तंबाखू आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर लाल पिचकाऱ्या दिसतातच. हा रोग प्रगत झाल्यावर निव्होलुमॅब नावाचे इंजेक्शन उपयोगी पडते. आपल्या रक्तातील संरक्षक पेशींवर एक प्रकारचा ब्रेक असतो. कर्करोग तो ब्रेक दाबून धरतो आणि हे औषध तो सोडवते. अशा ब्रेकच्या शोधाबद्दल तासुकू होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले. पण पूर्ण मात्रेचा खर्च लाखो रुपयांचा. हातमागावर किंवा रिक्षावर पोट असलेल्या माणसाने तो कोठून आणावा?

नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. टाटामधील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहायचे ठरवले. १५१ रुग्णांची चिठ्ठीने विभागणी झाली. ७५ जणांना स्वस्त अशा तीन औषधांच्या गोळ्या दिल्या, ७६ जणांना त्याच गोळ्या आणि त्यांसोबत हे छोटे इंजेक्शन. एक वर्षानंतर पहिल्या गटातील १६.३ टक्के रुग्ण हयात होते आणि दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के. २०२२ मध्ये हा निकाल जगापुढे आला. त्रासदायक दुष्परिणामही इंजेक्शनमुळे वाढलेले दिसले नाहीत.

येथे निकाल नीट वाचला पाहिजे. लहान मात्रा ही मोठ्या मात्रेइतकीच चांगली आहे, असे या चाचणीने सिद्ध केलेले नाही, कारण मोठी मात्रा तिच्यात कोणालाच दिली नव्हती. काहीच इंजेक्शन न मिळण्यापेक्षा लहान मात्रा पुष्कळ बरी, एवढे तिने दाखवले. वर्षभरात निम्म्याहून जास्त रुग्ण तरीही गेले, हेही त्याच कागदावर लिहिलेले आहे. पण ज्याला मोठी मात्रा कधी परवडणारच नव्हती त्याच्यासाठी खरी तुलना हीच होती. श्रीमंत देशांतील कंपनी हा प्रश्न स्वतःहून विचारण्याची शक्यता कमी. आपले औषध कमी खपावे असे कोणत्या दुकानदाराला वाटते?

२० मिलिग्रॅमची वेगळी कुपी मिळत नाही. औषध ४० आणि १०० मिलिग्रॅमच्या कुप्यांत येते. १०० च्या एका कुपीचे पाच वाटे होतात, परंतु कुपी एकदा उघडली की औषध फार काळ ठेवता येत नाही. म्हणून एका कुपीतले पाचही रुग्ण एकाच दिवशी यावे लागतात. कोणी कसाऱ्याहून, कोणी टिटवाळ्याहून, कोणी मुंब्र्याहून. एखाद्याची गाडी चुकली तर उरलेले चौघे त्याची वाट पाहतात.